‘दर्पण’च्या पलीकडचे बाळशास्त्री

सहा जानेवारी आली की तालुक्या-तालुक्याला पत्रकार दिन होतो. पगडीतल्या बाळशास्त्री जांभेकरांच्या प्रतिमेला हार घातला जातो, शाल-श्रीफळ होतं, प्रत्येक भाषणात ‘दर्पण’ हा शब्द दोन-चारदा येतो आणि चहा घेऊन मंडळी पांगतात. अर्धापूर काय, लोहा काय, औसा काय, कार्यक्रम तोच. त्यात वाईट काही नाही. पण बाळशास्त्र्यांच्या चौतीस वर्षांच्या आयुष्यातला जो भाग आज सायन्सला असलेल्या पोरापोरींच्या सगळ्यात जवळचा आहे, तो या भाषणांत बहुतेक वेळा राहूनच जातो.

हा भाग म्हणजे ‘दिग्दर्शन’. ‘दर्पण’ शेवटच्या घटका मोजत असताना, मे १८४० मध्ये, बाळशास्त्र्यांनी हे मासिक सुरू केलं. पदार्थविज्ञान, रसायन, भूगोल, गणित, व्याकरण, इतिहास असे विषय त्यात यायचे, सोबत नकाशे आणि आकृत्या असायच्या. मराठीतलं हे पहिलं मासिक. बातमी, राजकारण, गावगप्पा यांच्यासाठी ते काढलेलं नव्हतं, जग कसं चालतं हे मराठीत सांगण्यासाठी काढलेलं होतं. तुलनेसाठी दोन सन लक्षात ठेवा. ‘सायंटिफिक अमेरिकन’ न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं १८४५ साली आणि लंडनचं ‘नेचर’ १८६९ साली. ‘दिग्दर्शन’ काही त्यांच्या तोडीचं संशोधनाचं नियतकालिक नव्हतं, तसा दावा कुणी करूही नये. ते शिकणाऱ्यांसाठी होतं. पण मराठीत विज्ञान-पत्रकारिता नावाची गोष्ट कुठून सुरू झाली असं विचारलं, तर बोट तिथंच ठेवावं लागतं.

नावाची एक गंमत आहे. ‘दिग्दर्शन’ म्हटलं की आज आपल्या डोळ्यांपुढे सिनेमाचं पोस्टर येतं. तेव्हा सिनेमा तर नव्हताच, फोटोसुद्धा जेमतेम जन्माला आला होता. फ्रान्समध्ये दागेरची छायाचित्रणाची रीत जगासमोर आली १८३९ मध्ये, म्हणजे या मासिकाच्या एकच वर्ष आधी. दिशा दाखवणं एवढाच त्या शब्दाचा साधा अर्थ. बंगालमध्ये श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८१८ साली याच नावाचं बंगाली मासिक काढलं होतं. बाळशास्त्र्यांना बंगाली येत होतं, त्यामुळे हे नाव त्यांच्या कानावर असणार असं समजायला हरकत नाही.

पोंभुर्ल्याहून मुंबईला

बाळशास्त्र्यांचा जन्म १८१२ चा, कोकणातल्या पोंभुर्ल्याचा. आज हे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात, देवगड तालुक्यात येतं. वडील गंगाधरशास्त्री हे पुराण सांगणारे विद्वान. मराठी-संस्कृतचा पाया घरीच घातला गेला. १८२५ च्या सुमारास हा मुलगा मुंबईत आला तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा होता.

पेशवाई बुडून तेव्हा सातच वर्षं झाली होती. नव्या राज्यकर्त्यांना शाळा काढायच्या होत्या, पण शाळेत शिकवायचं काय आणि कोणत्या पुस्तकातून, इथून सुरुवात होती. मुंबईत त्यासाठी एक मंडळी स्थापन झाली होती, पुढे ती बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखली गेली. सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे हे तिचे एतद्देशीय चिटणीस. इसापच्या गोष्टी मराठीत आणणारे तेच. पोंभुर्ल्याच्या या पोराला त्यांनी आधार दिला. पोरानंही मग मागे वळून बघितलं नाही. इंग्रजी तर शिकलाच, शिवाय गुजराती, बंगाली, कानडी, तेलुगू, फारसी, फ्रेंच, लॅटिन, ग्रीक. यातल्या प्रत्येक भाषेत तो किती मुरला होता याचा हिशेब आज कोण करणार? पण गणित आणि ज्योतिष, म्हणजे आजच्या भाषेत खगोलशास्त्र, यांत त्याची गती एवढी होती की पुढे त्यावरच त्याचं पोट चाललं. विशीत असतानाच बापू छत्र्यांची चिटणिशीची जागा त्यांच्याकडे आली.

आणि त्याच विशीत ‘दर्पण’. ६ जानेवारी १८३२ ला पहिला अंक निघाला. आधी पाक्षिक, मग मे महिन्यापासून साप्ताहिक. पानावर एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी. मदतीला गोविंद विठ्ठल कुंटे, म्हणजे भाऊ महाजन, हे मित्र. जाहिरातींचा आधार नाही, वर्गणीदार काही शेकड्यांतच. विधवांच्या पुनर्विवाहासारखा विषय त्या काळात छापून काढणं ही साधी गोष्ट नव्हती, आणि ‘दर्पण’नं तो काढला. साडेआठ वर्षं हे पत्र चाललं. याबद्दल तुम्ही एरवी ऐकताच, म्हणून इथं थोडक्यात.

मध्येच काही काळ ते अक्कलकोटच्या राजपुत्राचे शिक्षक म्हणून गेले होते. उमरग्याकडून निघालं तर अक्कलकोट काही फार लांब नाही. बाळशास्त्री आपल्या मराठवाड्याच्या जवळपास आले असतील तर ते तेव्हाच.

शब्दच नाहीत, तर लिहायचं कसं?

१८३४ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत बाळशास्त्र्यांची साहाय्यक प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. या पदावर नेमलेले ते पहिले भारतीय. वय बावीस. म्हणजे आज आपण ज्या वयात बी.एस्सी.चा निकाल आणि एम.एस्सी.चा फॉर्म यांच्या मध्ये कुठंतरी असतो, त्या वयात. मुंबई विद्यापीठ निघायला अजून तेवीस वर्षं होती. आगगाडी नव्हती, तारखातं नव्हतं. पदार्थविज्ञान आणि गणित शिकवायला विलायतेहून आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार आलेले, आणि त्यांच्याबरोबर हा कोकणातला तरुण शास्त्री. त्यांच्या विद्यार्थ्यांमध्ये पुढे मोठे झालेले बरेच निघाले. दादाभाई नौरोजी त्यांतले एक.

वर्गात शिकवायचं इंग्रजीत. मग मराठीत मासिक कशाला? हा प्रश्न खरा आहे, आणि बाळशास्त्र्यांच्या कामाचं सगळं मोल या प्रश्नात आहे. मेकॉलेचं शिक्षणावरचं टिपण १८३५ चं. सरकारी वारं इंग्रजीच्या बाजूनं वाहू लागलं होतं. ज्याला इंग्रजी येतं त्याला नोकरी, मान, साहेबाच्या घरी खुर्ची. बाळशास्त्र्यांना हे सगळं मिळालेलं होतं. सरकारनं त्यांना १८४० मध्ये जस्टिस ऑफ द पीस केलं. अशा माणसानं ठरवलं असतं तर इंग्रजीत चार निबंध लिहून निवांत बसता आलं असतं. तसे निबंध त्यांनी लिहिलेही. जुने ताम्रपट आणि शिलालेख वाचून त्यांवर केलेलं त्यांचं लेखन एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापून आलं. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. इंग्रजी कळणारी मूठभर मुलं आणि न कळणारा सगळा मुलूख, हे अंतर त्यांना रोज दिसत होतं. ‘दर्पण’मध्ये दोन भाषा शेजारी-शेजारी होत्या, ‘दिग्दर्शन’मध्ये त्यांनी मराठीवर भर दिला.

आता कल्पना करा की १८४० सालच्या मुंबईत तुम्ही बसला आहात आणि वायू म्हणजे काय हे मराठीत लिहायचं आहे. खगोलाचं एकवेळ सोपं. अयन, क्रांतिवृत्त, अक्षांश, ग्रहण, असे शब्द संस्कृत ज्योतिषात हजार वर्षं तयारच होते. बाळशास्त्र्यांना ते लहानपणापासून पाठ. पण रसायनाचं काय? गंधक, पारा, क्षार हे वैद्यांच्या आणि सोनारांच्या कामातले शब्द मिळतील, पुढे वाट संपते. मोल्सवर्थचा मोठा कोश १८३१ मध्ये निघाला होता खरा, पण तो मराठीतून इंग्रजीत जाणारा. इंग्रजी शब्द हातात आहे आणि मराठी हवा आहे, अशा माणसाला त्याचा उपयोग थोडाच. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश बाहेर पडला १८४७ मध्ये, तेव्हा बाळशास्त्री जाऊन वर्ष होत आलं होतं. शब्दांचं सोडा, स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह हीसुद्धा मराठीत नीट रुळलेली नव्हती. गद्यच नवीन होतं. ओवी, अभंग, पोवाडा, बखर यांची सवय असलेल्या भाषेत कारण आणि परिणाम एकामागून एक मांडणारी वाक्यं घडवायची होती.

त्यांच्या गणिताच्या पुस्तकाचं नाव बघा: ‘शून्यलब्धि’. विषय आहे तोच, ज्यानं अकरावी-बारावीला आपल्यापैकी अनेकांची झोप उडवलेली असते, डिफरन्शियल कॅल्क्युलस. एखाद्या बदलाला लहान-लहान करत शून्यापर्यंत नेलं, तर त्या टोकाला जे हाती लागतं ते शोधायचं गणित, असा त्या नावाचा अर्थ लावता येतो. आज आपण विकलन म्हणतो. माझं मत विचाराल तर ‘शून्यलब्धि’ या शब्दात कल्पना जास्त स्वच्छ दिसते. नुसता शब्द ऐकून पोराला कळतं की इथं शून्याशी काहीतरी खेळ आहे. असा शब्द ज्याला सुचतो त्याला तो विषय आरपार समजलेला असतो. भाषांतर करणाऱ्याला कोश पुरतो, समजावून सांगणाऱ्याला पुरत नाही.

आपल्याकडचा विद्यार्थी या जागी चांगलाच अडखळतो, म्हणून हे जरा लांबवलं. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या किंवा गावातल्या मराठी शाळेत गुरुत्वाकर्षण, त्वरण, घनता शिकायचं आणि अकरावीला नांदेडला किंवा लातूरला जाऊन तेच सगळं इंग्रजीत नव्यानं ऐकायचं. पहिले तीन महिने शब्द शोधण्यात जातात, विषय तोपर्यंत पुढे निघून गेलेला असतो. अर्धापूर-भोकरच्या बसमध्ये रोज हेच बोलणं चालतं. बाळशास्त्र्यांपुढचा विद्यार्थी याच खिंडीत उभा होता. फरक एवढाच की तेव्हा अलीकडचा, मराठीचा किनारासुद्धा बांधलेला नव्हता.

रात्रीची वेधशाळा

या माणसाचा दिवस कसा जात असेल याचं मला नेहमी कुतूहल वाटतं. कॉलेजातले तास, मासिकाचा मजकूर, शाळांची पुस्तकं, आणि वर वेधशाळा. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ मध्ये बांधली, ती मुख्यतः जहाजांच्या सोयीसाठी. बंदरातल्या जहाजांची घड्याळं अचूक लावायची तर आकाशातल्या ताऱ्यांकडून वेळ घ्यावी लागते. पुढे १८४१ पासून तिथं पृथ्वीच्या चुंबकत्वाची आणि हवामानाची पद्धतशीर मोजमापं सुरू झाली. चुंबकसूची नेमकी उत्तरेला थांबत नाही, थोडी ढळते, आणि ते ढळणंही दिवसभरात बदलत राहतं. हे का होतं ते शोधायला जगभर ठिकठिकाणी एकसारख्या नोंदी घ्यायचं तेव्हा ठरलं होतं. त्या जाळ्यात कुलाबा होतं, आणि काही काळ त्या वेधशाळेची जबाबदारी बाळशास्त्र्यांवर होती. (ही चुंबकीय मोजमापं पुढे अलिबागला गेली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. कारण मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या आणि विजेच्या तारांमुळे सूची बिघडली असती.)

विज्ञानावर लिहिणारे तेव्हाही बहुतेक पुस्तकावरून लिहायचे. बाळशास्त्र्यांना मात्र मोजमापाची सोय हाताशी होती. केरो लक्ष्मण छत्रे हा मुलगा कोवळ्या वयात याच वेधशाळेत कामाला लागला. केरूनाना पुढे गणिताचे मोठे प्राध्यापक झाले, मराठीत विज्ञानाची पुस्तकं लिहिली, आणि प्रत्यक्ष आकाशाशी पंचांग जुळत नाही म्हणून ग्रहसाधनाची नवी कोष्टकं १८६० मध्ये तयार केली. पुण्यात डेक्कन कॉलेजात त्यांच्या हाताखाली गणित शिकलेला एक विद्यार्थी म्हणजे लोकमान्य टिळक. त्यांचंही नाव बाळ गंगाधर, हा निव्वळ योगायोग.

शेषाद्रींचा धाकटा मुलगा

विज्ञान शिकवणारा माणूस समाजात कसा वागतो, हे बघायचं तर १८४३ सालचं एक प्रकरण बघावं लागतं. नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण तरुणानं मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अजून लहान होता, तोही मिशनऱ्यांकडे राहत होता. वडील कोर्टात गेले आणि कोर्टानं मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. इथं गोष्ट संपायला हवी होती, पण खरी तिथून पुढे सुरू झाली. पोरगं मिशनऱ्यांकडे राहिलं, जेवलं, म्हणजे जात गेली. त्याला परत घ्यायचं नाही, असं मुंबईतल्या सनातनी मंडळींचं म्हणणं. स्वतःच्याच घरात परतलेलं पोर, आणि पंगतीत बसायला जागा नाही!

बाळशास्त्री त्या मुलाच्या बाजूनं उभे राहिले. प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत घेता येतं, याला शास्त्राचा आधार आहे, असं त्यांनी लावून धरलं. शहरात दोन तट पडले. बाळशास्त्र्यांना स्वतःलाच बहिष्काराची झळ लागली. कॉलेजात प्राध्यापक, सरकारात मान, आणि आपल्याच आळीत लोक तोंड फिरवतायत, असे ते दिवस. ती रूढी मुळातच मोडावी असं त्यांनी म्हटलं नाही, शास्त्रातूनच वाट काढली. आज हे आपल्याला अर्धवट वाटू शकतं. मला त्यात त्यांची पद्धत दिसते. खगोल शिकवताना जुन्या ज्योतिषाचेच शब्द वापरून नवं आकाश दाखवायचं, आणि समाजाशी भांडताना त्याच्याच ग्रंथातून पुरावा काढायचा. १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापून काढली तीही त्यांनीच. कॅल्क्युलस लिहिणारा आणि ज्ञानेश्वरी छापणारा माणूस एकच, यात त्यांना काही विसंगती वाटत नव्हती.

तो थोरला भाऊ, नारायण शेषाद्री, पुढे आपल्या मराठवाड्यात आला. जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत उभी केली.

पण त्यांच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर हे लिखाण म्हणजे आणखी एक हार होईल. ‘दर्पण’ काय किंवा ‘दिग्दर्शन’ काय, वाचणारे कोण होते? मुंबई-पुण्याकडचे, शिकलेले, बहुतेक उच्चवर्णीय पुरुष. शेतकऱ्याच्या घरी हे मासिक गेलं नाही, बाईच्या हाती तर नाहीच. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांची मुलींची शाळा सुरू झाली १८४८ मध्ये, बाळशास्त्री गेल्यावर दोन वर्षांनी. आणि आपला भाग तर नकाशात पलीकडेच होता. नांदेड, लातूर, अर्धापूर हे निजामाच्या राज्यात. मुंबईच्या शाळाखात्याची पुस्तकं, शाळा-तपासणी, नवे शिक्षक, हे सगळं इंग्रजी मुलुखाच्या हद्दीपर्यंत येऊन थांबायचं. नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं ते १९५० साली. ‘दिग्दर्शन’च्या पहिल्या अंकापासून मोजा, एकशे दहा वर्षं. आपल्याकडच्या मागासलेपणाची भाषणं पुष्कळ होतात, पण हे अंतर असं सालात मोजलं की अंगावर येतं.

चौतीसाव्या वर्षी

शेवटची दोन-तीन वर्षं धावपळीची गेली. शिक्षक तयार करायला मुंबईत एक वर्ग काढायचं १८४५ मध्ये ठरलं, त्याचे संचालक बाळशास्त्री. त्याशिवाय सरकारी मराठी शाळांची तपासणीही त्यांच्याकडे होती. पुस्तक आहे पण शिकवणारा नाही, ही अडचण त्यांना मासिक चालवताना कळलेली असणार. छापलेलं पान गावात पोचलं तरी ते उलगडून दाखवायला कुणी लागतो. गावोगावच्या शाळांसाठी माणसं घडवणं हे मग त्याच कामाचं पुढचं पाऊल झालं. ‘दिग्दर्शन’ त्यांनी पाचेक वर्षं सांभाळलं.

मे १८४६ मध्ये मुंबईत तापानं ते गेले. वय अवघं चौतीस.

त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे चारच महिन्यांनी, बर्लिनच्या वेधशाळेतून नेपच्यून दिसला. दुर्बिणीत योगायोगानं सापडलेला हा ग्रह नव्हता. युरेनस ठरल्या वाटेनं चालत नाही, म्हणजे त्याला कुणीतरी ओढतंय, असा हिशेब मांडून आधी कागदावर त्याची जागा काढली आणि मग तिकडे दुर्बीण वळवली. ज्योतिष आणि ‘शून्यलब्धि’चं गणित, दोन्ही इतकं एकत्र येणारी दुसरी बातमी त्या शतकात क्वचितच झाली असेल. मराठीत ती सांगायला तेव्हा सगळ्यात लायक माणूस कोण होता, हे वेगळं सांगायला नको. तो नव्हता.

काम मात्र बंद पडलं नाही. ‘दर्पण’च्या वेळचे त्यांचे सोबती भाऊ महाजन यांनी १८४१ मध्येच ‘प्रभाकर’ काढलं होतं, लोकहितवादींची शतपत्रं पुढे त्यातच आली. १८५४ मध्ये भाऊंनी ‘ज्ञानदर्शन’ हे त्रैमासिक सुरू केलं. नाव ऐकल्यावर ‘दर्पण’ आणि ‘दिग्दर्शन’ दोन्ही आठवतात. त्याच्या पुढची साखळी लांब आहे: कोल्हापूरला विज्ञानाची मराठी पुस्तकं लिहिणारे बाळाजी प्रभाकर मोडक, १९२८ मध्ये पुण्यातून निघालेलं ‘सृष्टिज्ञान’, १९६६ ची मराठी विज्ञान परिषद.

पण मला त्यातली एक कडी तुमच्यासाठी वेगळी काढावीशी वाटते. बाळशास्त्री गेल्यावर दोन वर्षांनी, जून १८४८ मध्ये, एल्फिन्स्टनच्या तरुणांनी एक मंडळ काढलं, स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी. दादाभाई नौरोजी त्यात पुढे होते. निबंध वाचणं, वाद घालणं एवढ्यावर ते थांबले नाहीत. मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, आणि या शाळांत फावल्या वेळात ही मंडळी स्वतःच शिकवायला जायची. सामान्य लोकांना विज्ञान त्यांच्या भाषेत कळावं म्हणून मंडळाच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या. मराठी शाखेनं १८५० मध्ये स्वतःचं मासिक सुरू केलं, ‘मराठी ज्ञानप्रसारक’. त्यासाठी लिहिणारे, वाचणारे, सभेत ऐकायला बसणारे बरेचसे तुमच्याच वयाचे होते.